नाव काढलं!

परवा रविवारी सकाळी माझा पुतण्या पिकअपच्या फाळक्यापाशी उकिडवा बसला होता. एका हातात बायकोचा केस वाळवायचा ड्रायर, दुसऱ्या हातात मासे धरायच्या गळाची तंगूस. नऊ वर्षं लासलगावच्या बाजारात कांद्याच्या खेपा केलेली ती पांढरी गाडी, न्हाऊन केस सुकवायला उन्हात बसलेल्या पोक्त बाईसारखी निमूट उभी होती. ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या आईनं विचारलं, “काय चाललंय रे त्याचं?” मी म्हणालो, “गाडीचं नाव काढतोय.” सुपातून मान वर न करता आई म्हणाली, “काढू दे बापडा. या घरात कुणीतरी नाव काढायलाच हवं होतं.”

आईच्या त्या वाक्यानं माझी सकाळ भलत्याच वाटेला लागली. नावाच्या मागे आपण किती क्रियापदं लावून दिली आहेत! बारशाला नाव ठेवतात. तेच अनुस्वार देऊन ठेवलं की माणसाची अब्रू जाते. उखाण्यात घेतात, भांड्यावर घालतात, सातबाऱ्यावर लावतात आणि लावताना भाऊबंदकीही होते. काढलं की मात्र कीर्ती! जे लावायला एवढा आटापिटा, ते काढल्यावर माणूस मोठा का व्हावा, हे मराठीलाच ठाऊक.

पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. “काका, हप्ते मी फेडले. मग कंपनीची पाटी मी का मिरवू? मला गाडी एकदम प्लेन पाहिजे.” यात तथ्य होतं. मात्र ज्या मुलखात ट्रकच्या पाठीवर लिंबू-मिरची, मोर, कमळ आणि ‘आईचा आशीर्वाद’ यांची दाटी असते, जिथं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायला २०१५ मध्ये सरकारी फर्मान काढावं लागलं, तिथं कोरी पाठ घेऊन फिरणं म्हणजे लग्नाला बिनटोपीचं जाण्यासारखं. शेजारचे अण्णा कुंपणावरून डोकावून गेलेच. “गाडी विकली का रे?” त्यांनी हळूच विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावरही चेहऱ्यावरची सहानुभूती काही काढून घेतली नाही.

काम मात्र बघण्यासारखं होतं. ही अक्षरं स्क्रूनं बसवलेली नसतात; दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर ती बसलेली असतात. आधी गरम वारा देऊन डिंकाचं मन वळवायचं, मग अक्षराच्या पाठीमागे तंगूस सारून ती करवतीसारखी मागेपुढे ओढायची, उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापतात तशी. घाई केली तर रंगाची खपली निघते. मागे राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा. एकेक अक्षर दुधाच्या दातासारखं हलायचं, हलायचं आणि अलगद तळहातावर यायचं. सगळ्यात चिवट निघाला तो ‘महिंद्रा’चा पहिला ‘एम’.

त्या ‘एम’ची चिवटाई मला नवी नव्हती. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या भावांनी १९४५ मध्ये मलिक गुलाम मोहम्मद यांच्या सोबतीनं पोलादाचा व्यापार मांडला, तेव्हा पाटीवर ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. फाळणी झाली, भागीदार पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एक माणूस निघून गेला, देश निघून गेला. त्याचा ‘एम’ तेवढा जागेवर राहिला, पाहुणा गेल्यावरही न उचललेल्या पाटासारखा.

दुपारी फाळका पुसून आम्ही मागे सरलो आणि गप्प झालो. नाव गेलं होतं आणि नाव दिसत होतं. नऊ वर्षांच्या उन्हानं रंग पिवळट केला होता. अक्षरांखालची जागा तेवढी शेतकऱ्यानं बंडी काढल्यावर दिसणाऱ्या पाठीसारखी गोरी राहिली होती. पांढऱ्यावर पांढऱ्यानं लिहिलेलं. पेंटर येऊन बोट फिरवून म्हणाला, “रबिंग मारून बघतो. पण पत्र्यानं ऊन खाल्लंय, शेठ.”

मला आईचा पितळी हंडा आठवला. आजोळच्यांनी लग्नात दिलेला, गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला. त्याच मांडवात ताटभर तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजलेही असतील, पण नाव टिकलं: रेशनकार्डावर, मतदारयादीत, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर. जुनं नाव हंड्यापुरतं उरलं. पन्नास वर्षं चिंचेनं घासून ठिपके बुजत आले आहेत. समोरून पाहिलं तर नुसतं पितळ. उजेडाकडे तिरपा धरला, की अजून वाचता येतं. लहानपणी मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा आई चुलीपाशी दचकली होती, कुणी फार लांबून हाक मारल्यासारखी.

संध्याकाळी आई फाळका बघायला आली. पदरानं पुसून पाहिलं, मग थोडी मान वाकडी करून. “इतकी रिकामी जागा बरी नाही दिसत,” ती म्हणाली.

पुतण्या हसला. “तुझंच नाव घालतो, आजी. सांग, कुठलं घालू? सासरचं का माहेरचं?”

आईनं जरा वेळ घेतला. “सासरचंच घाल,” ती म्हणाली. “दुसरं काय, तिरपं बघितलं की दिसतंच.”