कुठून कुठे?

नाना तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमचे तळमजल्यावर, पार्किंगसमोर राहतात.

मुलीच्या सायकलचा टायर फाटला. दुकानात ‘सव्वीसचा द्या’ म्हणून नवा आणला आणि रविवारी दोन स्क्रू ड्रायव्हर अन् घरातला एक चमचा घेऊन झुंजत बसलो. चमचा वाकला, तशी गॅलरीतून पृच्छा झाली, “सव्वीस? कुठून कुठे?”

मग नाना उकिडवे बसले आणि चष्मा कपाळावर चढवून टायरची कड वाचू लागले. जुन्यावर ३७-५९०, नव्यावर ५०-५५९. “पहिला आकडा रुंदी. दुसरा, टायर रिमवर बसतो तिथला व्यास. सव्वीस हे नुसतं नाव, माप नव्हे. ३१ मिलिमीटर कमी पडतायत, चमच्याला कशाला छळता?”

इथे थांबतील तर ते नाना कसले! २७ इंची रिम ६३०, पण २८ म्हणून विकतात ती ६२२, म्हणजे लहान. २९ वालीही ६२२च. दूधवाल्याच्या काळ्या सायकलची २८ मात्र ६३५! आणि ‘७००सी’त ७०० काहीच नाही, पूर्वी जाड टायर धरून बाहेरून तेवढं भरायचं, टायर बारीक झाले, नाव राहिलं. माझा चहा गार झाला.

हा प्रश्न सायकलपुरता असता तरी चाललं असतं. बिल्डर म्हणाला साडेआठशे फूट. “कुठून कुठे?” भाचीला सांगून आलेला मुलगा पाच फूट दहा. “कुठून कुठे? बूट धरून?” ते स्थळ मोडलं, त्यात नानांचा हात किती, ते कुणी मोजलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले, चार नंबरचा सांधा बसेल. “नंबर नको, मिलिमीटर सांगा.”

ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री या माणसाने पार्किंगमधल्या एकूण एक सायकलच्या कॅरियरला चिठ्ठी बांधली. लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या, मागच्या कोऱ्या बाजूला टायरचा आकडा. आमच्या चिठ्ठीवर ३७-५९०, खाली ‘चमचा वापरू नये’.

परवा वॉकर घेऊन चालत होते. त्यांची सायकल हवा जाऊन भिंतीला टेकलेली.

“वा नाना, आज शंभर पावलं!” मी म्हणालो.

ते नुसते हसले. मी जरा वेळ थांबलो. मग मीच म्हणालो, “तुमच्या दारापासून गेटपर्यंत.”