उत्साहावर विरजण घालण्याची घरगुती कृती

निराशेचे शब्द मराठीत पोत्याने आहेत, पण नवशिके ते कुठेही वापरतात. म्हणून आधी वर्गवारी. एकट्याने गुपचूप सोसायचा तो हिरमोड. चारचौघांत होतो तो पचका. साक्षीदार नसतील तर पचका धरत नाहीत. साक्षीदार मित्रच असले आणि दात काढत असले, तर पोपट. शेवटच्या क्षणी काम अडलं की माशी शिंकते. मेहनतीवर मात्र पाणीच फिरावं लागतं. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत, क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ओळीने दहा सामने जिंकून आलेल्या भारतीय संघासमोर ट्रॅव्हिस हेडने 137 धावा ठोकल्या, ते पाणी. फटाके आणून ठेवलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या उत्साहावर त्या रात्री जे पडलं, ते विरजण.

क्रियापद जपून निवडावं. दुधाला विरजण लावतात. उत्साहावर ते पडतं किंवा कोणीतरी घालतं. ‘पडलं’ म्हटलं की दोष पावसाचा, दैवाचा, रेल्वेच्या वेटिंगचा. ‘घातलं’ म्हटलं की घालणारा घरातलाच असतो आणि बहुधा समोरच बसलेला असतो. तेव्हा तोंडावर ‘पडलं’ म्हणावं, माहेरी फोन करताना ‘घातलं’.

आता कृती. घरात जूनमध्ये गोव्याला जायचं घाटतंय असं धरू.

उत्साह उकळत असताना बोलू नका. दुधालाही विरजण 40 ते 45 अंशांना, बोटाला सोसेल इतपत कोमट असताना लावतात. फार तापलेल्या दुधात त्यातले जिवाणू मरतात. ऐन उकळीत तोंड उघडलंत तर तुमचंही तेच होईल. गारढोण बेतातही विरजण लागत नाही. तिकिटं बघून झालीत पण काढलेली नाहीत, ती कोमट वेळ. प्रमाण चमचाभर. ‘‘जा की! समुद्रात उतरू देत नाहीत म्हणे पावसाळ्यात.’’ बस. ‘म्हणे’ गाळू नका, सगळा आंबटपणा त्यातच आहे. आणि मग ढवळायचं नाही! भांडं हलवलं की दही नीट लागत नाही. विषय बदला, मेथी निवडायला घ्या. सहा-आठ तासांत काम होतं. सकाळी बेत घट्ट थिजलेला दिसला की ‘‘अगं, रद्द केलंत? मी कुठे काय म्हटलं!’’ एवढं म्हणायला मात्र विसरू नका.

थंडीत वेळ जास्त लागतो. घरात विरजण नसेल तर जुन्या बायका कोमट दुधात देठासकट मिरची टाकतात. आमच्याकडे ते काम आत्या करते. फोन लावून स्पीकरवर ठेवला की झालं.

एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर आपण दहीच ठेवतो, दहीभाताशिवाय अनेकांचं जेवण पुरं होत नाही. मग उत्साहाचं दही झालं तर एवढं सुतक कशाला? ज्याला दूधच प्यायचं होतं, त्याने हा वाक्प्रचार केला असावा.

शेवटची सूचना: सगळं संपवू नये. उद्यासाठी चमचाभर वाटीत काढून ठेवावं. धाकटी कालपासून दिवाळीत मनालीचं काहीतरी बोलते आहे.