न रागावणारे आजोबा

आमच्या घरात सीडींचं कपाट ही आता माझ्या एकट्याची जबाबदारी आहे. धूळ पुसायला कोणी पुढे येत नाही, रद्दीत काढायला मात्र सगळे एका पायावर तयार. त्या कपाटातून परवा ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्टचा १९६६ सालचा ‘टुडे!’ हा अल्बम बाहेर काढला.

ब्लूज म्हटलं की आता कोणीतरी नशिबाच्या नावानं टाहो फोडणार, असं वाटतं. हर्ट त्यातला नाही. एक गिटार आणि एक गळा, तोही शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये अशा बेतानं लावलेला. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर जुन्या कारकुनासारखा नेमानं हजेरी लावतो आणि बोटं वरच्या तारांवर मनसोक्त भटकून येतात. वाजवणारे दोघं असावेत, असं वाटत राहतं.

तक्रारीला कारणं होती. १९२८ साली ओके कंपनीनं त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली आणि हर्ट मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉनला शेतातच राबत राहिला. गंमत म्हणजे एका गाण्यात त्यानं आपलं गाव सांगून ठेवलं होतं. पत्ता रेकॉर्डवरच होता, पण तो ऐकून दारात यायला जगाला ३५ वर्षं लागली! १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण जुन्या नकाशात गाव हुडकून पोचला, तेव्हा हर्ट सत्तरीला आला होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यानं श्रोत्यांना जिंकलं.

आमच्याकडे लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणून दोन पिढ्या अबोला चालतो. आणि हा गृहस्थ ‘कॉफी ब्लूज’मध्ये मॅक्सवेल हाउस कॉफीचं कौतुक करतोय! ‘लुइस कॉलिन्स’ तर खुनाचं गाणं. ते लागलं तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “अहो, अंगाई आहे का?”

“नाही, खून झालाय.”

“मग जरा मोठ्यानं लावा की!”

हर्टला राग येतच नसेल, असं मला वाटत नाही. पण तो अंगठा आणि ती बोटं आपापल्या वाटेनं चालायची, तर हात सैल हवा. वळलेल्या मुठीनं असलं गिटार वाजत नाही. मला गिटार येत नाही. त्यामुळे कोणत्या लग्नात कितव्या पंगतीला बसवलं, हे अजून तोंडपाठ आहे.