आव्वाज कुणाचा!

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत जो एकदा तरी घुसला आहे, त्याच्या कानांतून 'अरे आव्वाज कुणाचा!' ही आरोळी जन्मभर जात नाही. महाराष्ट्रीय कलोपासकने 1963 साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. त्या रंगमंचावर पाय ठेवणाऱ्या पोरांपैकी मोजकी पुढे नावाजली, काही मालिकांमध्ये सासरे म्हणून स्थिरावली आणि बाकीची बँकेत, विम्यात नि पाटबंधारे खात्यात लागली. या बाकीच्यांमधूनच निवृत्तीनंतर नाना तयार होतात.

नाना हे एका माणसाचं नाव नाही, ती जमात आहे. डोंबिवलीत सापडते, सांगलीत सापडते, न्यू जर्सीत तर हटकून सापडते. बाई असली तर तिला माई म्हणतात, लक्षणं तीच. गळ्यात हेडफोन, हातात पाठकोऱ्या कागदांवर छापलेली संहिता, आणि तुम्ही आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगत असताना मध्येच 'तो पंखा कुठला वाजतोय?' ही विचारणा. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या हौशी मंडळींचे आवाज इंटरनेटवरून गोळा करायचे, ते जोडून छोट्या नाटकांच्या श्रुतिका बनवायच्या आणि जगाला फुकट ऐकवायच्या, हा नानांचा उद्योग. यात मानधन नाही, शाल नाही, नारळही नाही.

नानांच्या पिढीचे कान आकाशवाणीने घडवले. 'पुन्हा प्रपंच'मधले नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे आवाज त्यांना सख्ख्या नातेवाइकांच्या आवाजांपेक्षा जास्त ओळखीचे. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा हे दबलेलं प्रेम उसळून वर आलं. पहिल्या तालमी झूमवर झाल्या. फुकटच्या झूमची बैठक चाळीस मिनिटांत बंद पडते आणि आपल्याकडची एकांकिका पाऊण तास चालते, त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी वाचनांचा शेवट कुणीच ऐकलेला नाही. शिवाय आवाज पोचायला क्षणभर उशीर. नायिका 'थांब!' म्हणायची तोवर नायक दाराबाहेर जाऊन त्याचं 'जातो मी' म्हणूनही झालेलं असे. मग नानांना कुठूनसा शोध लागला की नाटकातल्या माणसांनी एका वेळी हजर असण्याची मुळी गरजच नाही.

या कल्पनेचं श्रेय नाना घेत नाहीत. ते प्रामाणिकपणे दुसऱ्याला देतात, फक्त देताना अर्धा तास घेतात. मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅक्ग्वायर या लेखकाने 2005 साली लिब्रिव्हॉक्स सुरू केलं. हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी घरी बसून वाचायची आणि ते ध्वनिमुद्रण सगळ्यांना खुलं. जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट'पासून सुरुवात झाली, आणि आता त्यांची यादी वीस हजारांच्या घरात आहे. नाटक असेल तर एकेक पात्र एकेकाने उचलायचं, फक्त आपापली वाक्यं वाचून पाठवायची, रंगसूचना वाचायला वेगळा माणूस आणि सगळं जोडायला एक संकलक. आवाजाची चाचणी नाही. जो येईल त्याला काम. हे शेवटचं कलम नानांना फार भावलं, कारण कॉलेजात त्यांना स्वतःला चाचणीतच काढलं होतं.

संहिता निवडणं हा कायद्याचा भाग. आपल्याकडे लेखक गेला की पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. त्यामुळे नानांच्या कालनिर्णयावर सणावारांपेक्षा साहित्यिकांच्या निधनाच्या नोंदी जास्त. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणून चिमणराव आणि गुंड्याभाऊ 1 जानेवारी 2024 रोजी सर्वांचे झाले. त्या रात्री बाराच्या ठोक्याला नानांनी गटावर पेढ्यांचं चित्र टाकलं. लोकांना वाटलं, नववर्षाच्या शुभेच्छा. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, तेव्हा त्यांची वाट 1 जानेवारी 2030 ला मोकळी होते. नाना रक्तदाबाची गोळी न चुकता घेतात ती या तारखेसाठी. गटात नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी लिहितो, 'आपण पुलंचं काहीतरी करू या ना!' नाना शांतपणे उत्तर देतात, 'अवश्य. 2061 च्या जानेवारीत.'

आता पात्रयोजना. ज्याला जे हवं ते मिळतं, त्यामुळे परवाच्या एकांकिकेत मडगावची आई, भंडाऱ्याचे वडील आणि मेलबर्नला वाढलेली लेक असं कुटुंब जमलं. तिघं तीन तऱ्हेचं मराठी बोलत होते आणि लेकीला 'ळ' येत नव्हता. कुणीतरी हरकत घेतली. नानांनी निकाल दिला, 'कुटुंब बदलीच्या नोकरीतलं आहे.' संहितेत तसं कुठेही म्हटलेलं नाही. पण नाही असंही म्हटलेलं नाही.

ध्वनिमुद्रणाच्या सूचना नाना स्वतः लिहितात आणि त्या वाचून दोन-तीन माणसं हमखास गळतात. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, मोबाइल विमानात बसल्यासारखा. तोंड कपड्यांच्या कपाटात. हे शेवटचं थट्टेचं नाही. लोंबत्या कापडात आवाज शोषला जातो, खोलीभर घुमत नाही. म्हणून भर मे महिन्यात राजेसाहेब 'आम्ही शरण जाणार नाही!' असं गरजतात ते बायकोच्या साड्यांत डोकं खुपसून, घामाने निथळत. बाहेर कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीचं गाणं आणि कोकिळा. साऱ्या कवींची ही लाडकी; नानांचं मात्र तिच्याशी उघड वैर आहे. त्यातून प, फ, भ ही अक्षरं माइकवर थाडकन आपटतात. आणि मराठीत प्रेम, फसवणूक व भांडण हे नाटकाचे तिन्ही विषय या अक्षरांनीच सुरू होतात! उपाय एकच, माइकच्या जरा बाजूला बोलायचं. त्यामुळे नानांच्या श्रुतिकांत प्रत्येक प्रियकर आपलं प्रेम तिरप्या दिशेने व्यक्त करतो.

फाइल कशी हवी तेही ठरलेलं आहे: 44.1 किलोहर्ट्झ, 128 केबीपीएस, मोनो, आणि शेवटी पाच सेकंदांची शांतता. यातलं पहिलं-दुसरं लोकांना समजत नाही आणि शेवटचं जमत नाही. आपलं वाक्य संपलं की माणूस तिसऱ्या सेकंदाला 'झालं बाई एकदाचं' म्हणतोच. वर ती फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून येते. तिथे आवाज चेपला जातो, म्हणून 'डॉक्युमेंट म्हणून जोडा' हे वाक्य नानांनी इतक्यांदा लिहिलंय, की 'डॉ' टाइप करताच पुढचं सगळं मोबाइल आपणहून पुरं करतो. फाइलींची नावं 'सासू फायनल', 'सासू फायनल दोन', 'सासू खरंच फायनल' अशी. नाना नेहमी 'सासू फायनल' वापरतात. त्यांच्या मते पहिला राग अस्सल असतो.

या प्रकारात नटाला काय करावं लागतं ते पाहिलं की दिवाकर आठवतात. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर यांनी ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांपासून स्फूर्ती घेऊन नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो आणि समोरचा काय म्हणाला असेल ते आपण त्याच्या बोलण्यावरून ताडायचं. नानांच्या गटाची सुरुवात 'पंत मेले - राव चढले'ने झाली. त्यात सोय ही, की पात्रं जमवायला लागत नाहीत आणि दिवाकर 1931 मध्येच गेल्यामुळे हक्कांचीही कटकट नाही. पण पुढे चार-पाच पात्रांच्या एकांकिका घेतल्या तरी तंत्र तेच राहिलं. इथे प्रत्येक जण आपापल्या कपाटात स्वतंत्र नाट्यछटाच करत असतो. खुनी ऑगस्टमध्ये खून करतो आणि मरणारा दिवाळीनंतर किंचाळतो. 'सगळे: मोरया!' एवढ्या एका ओळीसाठी सात जणांनी सात गावांतून वेगवेगळं 'मोरया' पाठवायचं. नाना ते तीनदा उमटवून मिरवणूक उभी करतात. निवेदक गंभीरपणे वाचतो, 'तो खदाखदा हसतो', आणि पाठोपाठ काहीच ऐकू येत नाही, कारण हसणं हे वाक्य नव्हे, असं त्या नटाने गृहीत धरलेलं असतं.

खरे नाना बघायचे असतील तर रात्री अकरानंतर संकलनाला बसलेले बघावेत. परवा नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रवेश होता. बायको नागपूरची, तिने आपली वाक्यं एप्रिलमध्ये पाठवली होती, आणि काय तो आवाज! पडद्यावरची रेघ वरच्या कडेला जाऊन थडकत होती. नवरा न्यू जर्सीचा. त्याने ऑक्टोबरमध्ये, गॅरेजात उभ्या केलेल्या गाडीत बसून, घरात तान्हं मूल झोपलंय म्हणून कुजबुजत भांडण केलं होतं. 'चालती हो माझ्या घरातून' हे वाक्य तो असं म्हणाला होता, की बाई निघाली असती तर तिला वाटेत पांघरूणही घातलं असतं. नानांनी त्याचा आवाज वाढवून पाहिला. कुजबुज मोठी केली तरी ती मोठी कुजबुजच होते, आणि मागून गाडीचा सीटबेल्ट करकरायला लागला.

शेवटी नानांनी नागपूरला निरोप धाडला, 'ताई, पुन्हा एकदा कराल का? यावेळी मुलं शेजारच्या खोलीत झोपली आहेत असं समजून भांडा.' ताईंनी केलं. दोन दबक्या आवाजांचं ते भांडण नाना किती वेळ जोडत होते. तिच्या वाक्यानंतर पाऊण सेकंद सोडला तर नवरा तडकलेला वाटतो. दोन सेकंद सोडले तर त्याला पश्चात्ताप होतोय. ही शांतता ना नागपूरने पाठवलेली, ना न्यू जर्सीने. ती नानांच्या पदरची. त्यांनी दीड सेकंद ठेवला, ताईंचा एक श्वास पुसला, दुसरा राखला, आणि चष्मा काढून डोळे चोळले. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'चाळीस वर्षं संसार केला, माझं एक वाक्य धड पुरं ऐकलं नाहीत. आता परक्या बाईचा श्वास मोजताय!' नानांनी हेडफोन न काढताच मान डोलावली. ऐकलं असावं.

श्रुतिका तयार झाली की ती साताऱ्याच्या माईंकडे जाते. माई निवृत्त शिक्षिका. त्या संहिता समोर ठेवून अक्षर न् अक्षर ऐकतात आणि लाल शाईचा जुना हिशेब चुकता करतात. 'मिनिट 12, सेकंद 40: पाणी नव्हे, पानी ऐकू येतं. मिनिट 16: राजा जांभई देतो, संहितेत नाही. मिनिट 19, सेकंद 5: मागे कुणीतरी भाजी काय करू म्हणून विचारतंय, उत्तर ऐकू आलं नाही.' नाना सगळं दुरुस्त करतात. भाजीचं मात्र एकदा राहून गेलं, तर एका दृष्टिहीन श्रोत्याने आवर्जून कळवलं की घरगुती वातावरण फार छान उभं केलंत.

मग एके दिवशी श्रुतिका जगापुढे ठेवली जाते. पडदा नाही, तिसरी घंटा नाही, टाळ्या नाहीत, बटाटेवड्याचं मध्यंतर तर नाहीच. चार दिवसांनी कुणाचा तरी निरोप येतो, 'मस्त! सगळ्यांनी एकाच खोलीत बसून केलंत ना?' नाना आधी आनंदाने वेडे होतात आणि मग अर्धा दिवस खट्टू असतात. आपण काय केलं हे कुणालाच कळू नये म्हणून रात्ररात्र जागायचं, आणि ते खरंच कुणाला कळलं नाही की वाईट वाटून घ्यायचं, अशी ही चमत्कारिक कला आहे. रंगमंचावर नाना असते तर शंभर टक्के इतरांच्या पुढे येऊन उभे राहिले असते. इथे कुणाच्याही पुढे येण्याची सोय नाही, म्हणून हा माणूस चांगला झाला. माझं मत विचाराल तर नट म्हणून नाना सामान्यच. पण दुसऱ्याचं बोलणं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेणारा मराठी माणूस दुर्मीळ, आणि असे आठ-दहा जण कपाटं उघडून बसलेत म्हणून ही नाटकं होतात.

नानांची सध्याची एकांकिका तयार आहे, फक्त एका भूमिकेवाचून अडली आहे. पात्राचं नाव: दुसरा शिपाई. वाक्यं तीन: 'जी सरकार', 'सापडला नाही सरकार', 'जी सरकार'. सगळ्यांना सरकार व्हायचंय, त्यामुळे शिपायाची जागा कधीची रिकामी आहे. तुमच्याकडे साड्यांनी भरलेलं एखादं कपाट आणि पंखा बंद ठेवण्याइतका धीर असेल, तर आजच कळवा. अनुभवाची अट नाही, चाचणी नाही. शेवटी पाच सेकंद गप्प बसता आलं पाहिजे, एवढंच.