श्री. प्रिंट प्रीव्ह्यू यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. प्रिंट प्रीव्ह्यू,
मुक्काम पडदा, डीटीपी विभाग.

विषय: आपल्या निर्दोषत्वाबद्दल जाहीर अभिनंदन.

महोदय,

छपाईत काही बिघडले की पहिले खडे आपल्या नावाने फोडले जातात आणि आपण चकार शब्द काढत नाही. 'पडद्यावर तर बरोबर दिसत होते' हे वाक्य प्रत्येक छापखान्यात ठरलेले आहे. ते उच्चारले की ऑपरेटर सुटतो, मशीनमन सुटतो, गिऱ्हाईक तर आधीच सुटलेले असते. उरता आपण. हे पत्र नवी मुंबईतल्या द्रोणागिरीहून लिहिण्यालाही कारण आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि त्याच्या पाठीशी, सिडकोच्या आराखड्यातल्या या भागात कंटेनर फ्रेट स्टेशने आणि गोदामे उभी राहिली. इथून जाणाऱ्या-येणाऱ्या मालातली पुठ्ठ्याची खोकी मोजायला बसू नये. त्या खोक्यांवर लेबले असतात आणि ती छापण्याआधी कुणीतरी, कुठेतरी, आपल्याकडे बघून मान डोलावलेली असते. त्या मानेची जबाबदारी आपल्यावर ढकलणे अन्यायाचे आहे, हे सप्रमाण सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपली कामगिरी नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यात खिळे जुळवून झाले की त्याच जुळणीवर शाई फिरवून प्रूफ काढत. मुद्रितशोधकाने तपासलेला कागद आणि वाचकाच्या हातात पडलेला कागद, दोन्ही त्याच खिळ्यांवरून उठलेले. चूक राहिलीच तर ती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली असे. प्रूफात एक आणि छपाईत भलतेच, असा प्रकार क्वचित. आपल्या कारकिर्दीत हे नाते तुटले. पडद्यावरचे चित्र एक प्रोग्रॅम काढतो आणि प्लेटवरचे ठिपके दुसराच, म्हणजे रिप, पाडतो. फाइल दोघांना एकच मिळते, पण ती वाचण्याचे नियम दोघांचे वेगळे असू शकतात. आपण फाइल दाखवत नाही, फाइलचे एक वाचन दाखवता. म्हणून दिसलेले आणि छापलेले जुळले नाही तर 'प्रीव्ह्यू खोटे का बोलला' असे विचारून काही हाती लागत नाही. हे चित्र कुणी, कुठल्या सेटिंगवर काढले, असे विचारले की बहुतेक गुंते सुटतात.

पहिला पुरावा पांढऱ्या अक्षरांचा. लाल पट्टीवर काळ्या अक्षरांत मजकूर होता आणि काळ्याला रीतीप्रमाणे ओव्हरप्रिंट लावलेले होते. शेवटच्या क्षणी गिऱ्हाइकाला अक्षरे पांढरी हवीशी वाटली. ऑपरेटरने रंग बदलला, ओव्हरप्रिंट तसाच राहिला. आता पांढरा म्हणजे चारही प्लेटांवर शून्य शाई, आणि ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग कापू नकोस असा हुकूम. काहीच छापायचे नाही आणि खालचेही कापायचे नाही, असे दोन्ही हुकूम पाळल्यावर उरते ती कोरी लाल पट्टी. अक्षरे फाइलमध्ये आहेत, प्लेटवर नाहीत. आपण मात्र ती पांढरीशुभ्र दाखवत राहिलात, कारण ओव्हरप्रिंट हिशेबात धरायला आपल्याला कुणी सांगितलेच नव्हते. ॲक्रोबॅटच्या मूळ सेटिंगमध्ये ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू फक्त पीडीएफ-एक्स फाइलींपुरता चालू असतो. साधी पीडीएफ आली की त्याची सुट्टी. आउटपुट प्रीव्ह्यू उघडून 'सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग'वर खूण केली असती तर अक्षरे तिथल्या तिथे नाहीशी झाली असती आणि प्लेट वाचली असती. खूण केली नाही हा दोष आपला कसा?

दुसरा पुरावा उलट्या बाजूचा आहे. पुष्कळदा काहीही बिघडलेले नसताना आपण घाबरवता. सावली किंवा पारदर्शक इफेक्ट असलेल्या पानावर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि ऑपरेटर रात्रभर फाइल पुन्हा पुन्हा बांधत बसतो. पीडीएफ-एक्स-१एसारख्या जुन्या प्रकारात पारदर्शकता चालत नाही. चित्राचे तुकडे करून ते एकमेकांना चिकटून मांडावे लागतात, आणि त्या सांध्यांवर पडद्याच्या मऊ कडा अशी रेघ उमटवतात. कसोटी सोपी आहे. झूम वाढवूनही रेघ तेवढीच बारीक राहिली, किंवा 'स्मूथ लाइन आर्ट' बंद केल्यावर नाहीशी झाली, तर ती पडद्याची समजावी. झूमबरोबर जाड होत गेली तर ती फाइलमध्ये खरोखर आहे. याच्या नेमके उलट वर्तन आपले बारीक रेषांशी. 'एन्हान्स थिन लाइन्स' चालू असले की छपाईत दिसणारही नाही इतकी नाजूक चौकट आपण ठसठशीत करून दाखवता. म्हणजे आपण नसलेले दाखवता आणि असलेले फुगवूनही दाखवता. त्यामुळे आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा जितका फसतो, तितकाच मुळीच विश्वास न ठेवणाराही. दोघांनाही तपासायचा कंटाळा असतो.

देवनागरीच्या बाबतीत आपला निरागसपणा विशेष खुलतो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, आणि मराठी डीटीपीचा फार मोठा जुना साठा अजूनही तशाच फाइलींत आहे. तो फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नाही की दुसऱ्या मशीनवर अख्खा परिच्छेद इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन येतो. हे बरे, कारण आंधळ्यालाही कळते. धोका असतो तो त्याच नावाच्या फॉन्टची वेगळी आवृत्ती बसलेली असताना. पान वरवर मराठीच दिसते, फक्त एखाददुसऱ्या जोडाक्षराची वाट लागते, आणि घाईत पाहणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे जाते. युनिकोडमध्ये दुखणे वेगळे. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडतात. यावर 'कर्व्ह करून पाठवा' हा रामबाण उपाय सांगितला जातो. कर्व्ह केल्याने अक्षर हलत नाही हे खरे, पण चुकलेले अक्षरही मग दगडावरची रेघ होते आणि मशीनवर गेल्यावर साधी वेलांटी दुरुस्त करायची सोय उरत नाही. त्यापेक्षा पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टांची यादी उघडून प्रत्येकासमोर एम्बेडेड लिहिले आहे का, हे पाहायला लागते अर्धे मिनिट.

आता द्रोणागिरीच्या खोक्यांकडे येतो. रंगाबद्दल आपली ख्याती मोठी. चार शायांचा काळा, नुसता काळा आणि रजिस्ट्रेशनचा काळा हे तिन्ही आपण बहुधा एकाच गडद चेहऱ्याने दाखवता. छापताना नुसता काळा मोठ्या पट्ट्यात करडा वाटतो, आणि रजिस्ट्रेशनचा काळा म्हणजे चारही शाया शंभर टक्के, एकूण ४०० टक्के. वर्तमानपत्री कागदाला साधारण २४० टक्क्यांच्या वर शाई सोसत नाही. तिथे असा काळा सुकत नाही, मागच्या पानाला लागतो. यावर आपल्याकडेच एकूण शाई मोजणारा पर्याय आहे, तो उघडत नाही कोणी. बारकोडची तऱ्हा याहून मजेशीर. लाल रेघांचा बारकोड पडद्यावर देखणा दिसतो, पण गोदामातल्या लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल शाई पांढऱ्या कागदासारखीच भासते. त्याच्या दृष्टीने तिथे काहीच छापलेले नसते. काळा बारकोड चार शायांचा केला तर रजिस्ट्रेशन किंचित सरकले तरी रेघांच्या कडा फुटतात, आणि रजिस्ट्रेशन सरकणे आपल्याला मुळात ठाऊकच नाही; आपल्या जगात चारही प्लेटा नेहमी जुळलेल्या असतात. म्हणून बारकोड एकाच काळ्या शाईत आहे की नाही, हे सेपरेशन प्रीव्ह्यूमध्ये बाकीच्या तीन प्लेटा बंद करून पाहावे. खोक्यावरचे लेबल शेवटी वाचायचे आहे ते यंत्राने, आणि यंत्राला आपले सौंदर्य दिसत नाही.

आपल्या बाजूने इतके बोलल्यावर आक्षेप येणारच. पहिला असा की, सॉफ्टवेअरमध्ये खरोखर बिघाड असतात, त्यांचे काय? असतात. इनडिझाइनचा डिस्प्ले 'टिपिकल'वर असला तर चित्र जाडेभरडे दिसते. लिंक तुटलेली असली तर जुनीच छोटी प्रतिमा दिसत राहते. ग्राफिक्स कार्डाच्या तंट्यात पान अर्धवट उमटते. पण हे ओळखण्याची रीतही तीच: तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. दोन्हीकडे दोष सारखा दिसला तर फाइल तपासावी, एकीकडेच दिसला तर सेटिंग. दुसरा आक्षेप पैशाचा. लहान छापखान्याला कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आणि प्रत्येक कामाचे रंगीत प्रूफ कुठून परवडणार? परवडत नाही हे मान्य. पण ॲक्रोबॅटची प्रो आवृत्ती हाताशी असली तर वर सांगितलेली एकही तपासणी आणखी पैसे मागत नाही. उलट वेगळ्या प्रिंटरवर काढलेले महागडे रंगीत प्रूफ हेही फाइलचे आणखी एक तिसरेच वाचन असू शकते. रिपने प्लेटसाठी तयार केलेले एकरंगी ठिपके पडद्यावर पाहता आले तर त्यांची साक्ष सर्वांत भरवशाची, कारण प्लेट त्यांच्यावरूनच निघते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: गिऱ्हाईक पीडीएफ उघडतच नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजीला अंगठा दाखवून मोकळे होते. इथे गावाच्या नावाची आठवण होते. रामायणातल्या मारुतीला संजीवनी ओळखता येईना, तेव्हा दिसायला बरी म्हणून एखादी काडी उपटून त्याने नेली नाही. अख्खा द्रोणागिरी उचलला आणि वनस्पती निवडण्याचे काम जाणत्या सुषेण वैद्यावर सोडले. जेपीजी ही ती काडी. तिच्यात ना प्लेटा असतात, ना ओव्हरप्रिंट, ना फॉन्ट. मजकूर आणि मांडणी मंजूर करायला ती पुरेशी आहे, रंग आणि छपाई मंजूर करायला नाही. तेव्हा मंजुरीचेच दोन भाग करावेत. शुद्धलेखन, दर, पत्ता गिऱ्हाइकाने जेपीजीवर पाहावा. प्लेटा, शाई, फॉन्ट छापखान्याने पीडीएफवर. दोघांनी आपापल्या भागाखाली सही करावी, म्हणजे नंतर कुणालाच 'पडद्यावर बरोबर होते' असे म्हणता येणार नाही.

तात्पर्य, महोदय, आपण निर्दोष आहात, पण निर्दोष असणे आणि विश्वासू असणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते कापण्याचे काम आपले नाही, आमचे आहे. मराठी छापखान्यांतल्या सर्व ऑपरेटरांना एवढीच विनंती की, प्लेट काढण्याचा हुकूम देण्याआधी ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू चालू करा, चारही प्लेटा एकेक करून पाहा, फॉन्टांची यादी उघडा आणि एकूण शाई मोजा. तीन मिनिटांचे काम आहे. ते न करता प्लेट काढली तर तिचे बिल प्रीव्ह्यूच्या नावावर फाडू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्लेटचे बिल भरणाऱ्यांपैकी एक