झाकली मूठ पॉइंट बत्तीसची

बंदुकीचा परवाना काढावा असे माणसाला साधारण तीन प्रसंगी वाटते. नवी चारचाकी दारात आल्यावर, ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर, आणि साडूला परवाना मिळाल्याचे कळल्यावर. यांतले एकही कारण अर्जात लिहिता येत नाही, म्हणून होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

पायरी १ : आपण बसतो का ते पाहावे

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. हक्काची भाषा करणाऱ्याची फाइल खाली जाते. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. हाणामारीच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर ५ वर्षे कळ काढावी. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून दिले असेल, तर त्याची मुदत सरू द्यावी. थोडक्यात, ज्याच्या गल्लीत बंदूक पाहिजे असे सगळ्यांना वाटते, तो पहिल्याच चाळणीत गळतो.

पायरी २ : एखादा शत्रू मिळवावा

शेतीसंरक्षण, नेमबाजी आणि स्वसंरक्षण ही नेहमीची तीन कारणे. पहिल्याला सातबारा लागतो, दुसऱ्याला नेम. दोन्ही नसलेले लोक तिसऱ्याकडे वळतात. अर्ज आला की पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि तुम्हाला जबाबासाठी बोलावणे येते. तिथला संवाद असा होऊ देऊ नये:

‘कोणापासून धोका आहे?’

‘तसा कोणापासून नाही, साहेब.’

‘मग बंदूक कशाला?’

‘उद्या कोणी निघाला तर?’

‘निघाला की या.’

याच्या उलट टोकही वाईट. सात जणांची नावे सांगितलीत, तर सातही जणांशी तुमचे भांडण का, हा पुढचा प्रश्न असतो. शत्रू एकच असावा, तो खरा असावा, आणि त्याच्याविरुद्ध तुम्ही पूर्वी कधीतरी लेखी तक्रार दिलेली असावी. शेजाऱ्यांकडेही चौकशी होते. त्यामुळे पार्किंगचा वाद निदान तेवढ्यापुरता मिटवावा. अहवालासाठी नियमात ३० दिवस दिले आहेत. ते रोज मोजू नयेत, रक्तदाब वाढतो, आणि पुढच्या पायरीवर डॉक्टर आहेत.

पायरी ३ : कागद जमवावेत

अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत फोटो, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि शरीर व मन दोन्ही ठीक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. पुष्कळ अर्जदार बंगल्याचे कागदही उत्साहाने जोडतात. वास्तविक पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्याच्या कलम १४ मध्येच म्हटले आहे. पण बंगला आहे हे कुणाला तरी सांगायची एवढी चांगली संधी पुन्हा कुठे मिळणार? नकार आलाच तर अपील करता येते. परवाना मिळाला तर राष्ट्रीय माहितीसंचात तुमची नोंद होऊन एक क्रमांक पडतो. तो पाठ करावा. बंदुकीपेक्षा त्याचा उपयोग जास्त वेळा होतो.

पायरी ४ : हत्यार निवडावे

सिनेमातल्या नायकाकडे असते ते ९ एमएमचे पिस्तूल मागू नये. ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. सामान्य माणसाने .३२ वर समाधान मानावे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये बायकांच्या पर्समध्ये मावेल असे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले; वजन अर्ध्या किलोच्या आसपास. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. मात्र परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षांवर गेली आहे. विना परवाना गावठी कट्टा घेऊन हा सगळा व्याप वाचवण्याचा मोह होईल. त्यात राहण्याची व जेवणाची सोय सरकार करते, एवढे लक्षात ठेवावे.

पायरी ५ : ते झाकावे

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात हवे. म्हणजे शर्ट वर सरकवून खुर्चीवर रेलणे बंद. टेबलावर चष्म्याशेजारी ठेवणे बंद. रील काढून खाली ‘वाघ’ लिहिणे तर बंदच; त्या रीलला पहिली दाद पोलिसांकडून येते. भाच्याच्या वरातीत हवेत बार काढलात, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दसऱ्याला पाटावर मांडून हळदकुंकू वाहता येते, पण तिथे बघायला घरचीच माणसे, आणि ती आधीपासूनच कंटाळलेली.

पायरी ६ : ते जमा करावे

निवडणूक जाहीर झाली की कुणाची शस्त्रे जमा करायची हे छाननी समिती ठरवते, आणि ज्यांना नोटीस येते ते पोलीस ठाण्याची वाट धरतात. कोकणातल्या शेतकऱ्याला ही वाट पाठ आहे. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. शेतात भात पिवळे झालेले, रात्री रानडुकरांचा कळप बांध फोडून आत. आणि नोटीस आली असेल तर ठासणीची बंदूक गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकलेली. शेतकरी हातात पावती आणि पत्र्याचा डबा घेऊन मळ्यात उभा. डबा वाजवला की डुकरे निदान मान वर करून बघतात. ज्याला बंदुकीची गरज खरी असते, त्याने अर्ज करताना डब्याचीही तजवीज ठेवावी.

समारोप

एवढे वाचून लक्षात आले असेल की सरकार बंदूक देते ती कुणाला दिसू नये म्हणून, आणि आपल्याला ती हवी असते ती दिसावी म्हणून. धोका खरा असेल तर सहाही पायऱ्या जरूर चढाव्यात. नुसता रुबाबच हवा असेल तर बुलेट घ्यावी. ती झाकावी लागत नाही, आचारसंहितेत जमा करावी लागत नाही, आणि साडूच्या दारावरून दिवसातून चार वेळा नेता येते. सायलेन्सर मात्र बदलू नये. त्यालाही दंड आहे.