समोशाला समज, पुड्याला सूट

देशाचं पोट सुटलंय, हे आता सरकारी कागदावर आलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष वजनदार आहेत. (राजकारणात वजनदार असणं वेगळं. त्याचं सर्वेक्षण होत नाही.)

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी आवाहन केलं की, तेल दहा टक्के कमी खा. मोहनलाल, सुधा मूर्ती, ओमर अब्दुल्ला अशी दहा नावं घेतली आणि त्यांनी पुढे आणखी दहा-दहा जणांना गळ घालावी असं सुचवलं. पूर्वी देवाच्या नावाने अशी पोस्टकार्डं यायची, दहा जणांना पाठवा नाहीतर नुकसान होईल म्हणून. इथे निदान धमकी नव्हती.

मे महिनाअखेरीस सरकारने कच्च्या पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. जनतेने दहा टक्के कमी खायचं, सरकारने दहा टक्के कमी घ्यायचं. दहाचा आकडा दोन्हीकडून इमानदारीने पाळला गेला. आता तेल कडाडलं की गृहिणी कडाडते आणि मतदानाला जाते, हे मान्य. पण मग स्वस्त झालेलं तेल जपून वापरा, हे सांगायला कोण उरलं? फलक!

जूनमध्ये आरोग्य खात्याने सगळ्या मंत्रालयांना पत्र धाडलं की कचेऱ्यांत ‘तेल-साखर फलक’ लावा, कुठल्या पदार्थात काय किती दडलंय ते लोकांना दिसू द्या. कल्पना वाईट नाही. पण बातमी फुटली ती ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशी. देश हादरला. अखेर जुलैत सरकारला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या समोशावर, जिलेबीवर, लाडवावर कसलाही इशारा छापायचा नाही. एवढ्या तत्परतेने खुलासा क्वचितच येतो.

आमच्या ओळखीचे एक भाऊसाहेब सरकारी नोकरीत आहेत. ते म्हणाले, “फलक कँटीनमध्येच लावायचा. चार महिन्यांत काचेवर तेलाचा थर बसेल. तेवढं तरी पोटात जायचं वाचेल.”

सप्टेंबरात खरी मेजवानी झाली. २२ तारखेपासून बिस्किटं, चॉकलेट, केक, आइस्क्रीम यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर. जिमवरचाही १८ वरून ५ वर. वजन चढवा की उतरवा, सरकारचा वाटा सारखाच! कोल्ड्रिंकला मात्र ४० टक्के लावले, म्हणून टाळ्या पडल्या. आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता. बेरीज वाचकांनी करावी.

या सगळ्यात पुड्यावरची इशाऱ्याची चार अक्षरं कुठे आहेत? चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. लहान पोरालाही कळतात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. म्हणजे चिलीत पाकीट बदनाम होतं, आपल्याकडे वाईटातल्या वाईट पाकिटालाही अर्धा तारा मिळणार होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुड्यावरच्या इशाऱ्याबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून बजावलं. मग मुदतवाढ मिळाली. समोशाचा खुलासा मात्र वेळेवर झाला होता.

समोसेवाल्याची संघटना नाही, वकील नाही, दिल्लीत कचेरी नाही. म्हणून फलकावर पहिला नंबर त्याचा लागतो. सरकारला एकच विनंती आहे. कचेरीतला तो फलक भिंतीवरून उतरवा, छोटा करा आणि पुड्याच्या मागच्या बाजूला नव्हे, पुढच्या बाजूला छापायला लावा.